घसा धरला तर मध : किती, कसा आणि कोणाला नको



गळिताचा हंगाम आणि घशाची तक्रार ही दोन्ही आपल्या भागात बरोबरच सुरू होतात. कार्तिकीची वारी आटोपते, गव्हाणीत मोळी पडते, पहाटेचा गारवा झोंबू लागतो आणि रस्त्यावर बैलगाड्या व ट्रॅक्टर यांचा फुफाटा उडू लागतो. रात्रपाळीचा कामगार यार्डात उभा राहून घसा खाकरतो. फडातला माणूस पाचटाच्या धुळीत ठसकत असतो. पंढरीहून परतलेल्या भजनी मंडळींचा आवाज तर आठ दिवस बसलेलाच असतो. पुढे संक्रांतीला सोलापूरची गड्ड्याची यात्रा येते, तिथली धूळ आणि भोंगे झाले की उरलेसुरले घसेही जातात. (वार्षिक सर्वसाधारण सभेत ज्यांचा घसा बसतो त्यांच्यासाठी औषध या लेखात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

अशा वेळी घरातली म्हातारी माणसे म्हणतात, "मध चाट, बरं वाटेल." हा सल्ला खरा की नुसती समजूत? खरा असेल तर मध किती घ्यायचा, कशातून घ्यायचा, आणि कोणाला अजिबात द्यायचा नाही? यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्यात चूक झाली तर ती तान्ह्या लेकराच्या जिवावर बेतते. म्हणून पहिल्यांदा तेच सांगतो.

एक वर्षाच्या आत मधाचे बोट नको

आपल्याकडे बाळ जन्मले की त्याच्या जिभेला मधाचे बोट लावण्याची चाल आहे. कुठे सोन्याचे वळे मधात बुडवून चाटवतात, कुठे गुटी मधात उगाळतात. बाळाला खोकला झाला, घशात घरघर वाजू लागली, की चमच्याच्या टोकावर मध देतात. हे सगळे मायेपोटी होते, त्यात कोणाचा दोष काढायचा नाही. पण बारा महिने पुरे होईपर्यंत बाळाला मध देऊ नये, यावर आज जगभरच्या बालरोगतज्ज्ञांचे एकमत आहे.

त्याचे कारण असे. 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' नावाचा एक जंतू मातीत आणि धुळीत सगळीकडे असतो. त्याची बीजे फार चिवट असतात. मधमाशी फुलाफुलांवर, पाणवठ्यावर फिरते, तेव्हा ही बीजे कधीमधी मधात येतात. मध घट्ट आणि आंबटसर असल्यामुळे ती त्यात वाढत नाहीत, पण मरतही नाहीत, नुसती पडून राहतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात दुसऱ्या जंतूंची वस्ती आधीच भरलेली असते, त्यामुळे या पाहुण्याला तिथे जागा मिळत नाही आणि तो निघून जातो. तान्ह्या बाळाचे आतडे म्हणजे नुकतीच नांगरलेली मोकळी जमीन. तिथे बी रुजते, आणि रुजले की विष तयार करते. या विषाने शरीरातले स्नायू लुळे पडत जातात.

१९७६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात या आजाराची ओळख प्रथम पटली. लक्षणे अशी : आधी बाळाला शौचाला होत नाही, मग ते अंगावर नीट ओढत नाही, रडणे क्षीण होते, पापण्या मिटल्यासारख्या राहतात, मान धरत असलेले बाळ पुन्हा मान टाकते. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. आजार क्वचित होतो हे खरे, पण झाला तर बाळाला मोठ्या दवाखान्यातच न्यावे लागते. मध उकळून घेतला तरी भागत नाही, कारण घरच्या चुलीवरच्या आचेने ही बीजे मरत नाहीत. मध शुद्ध, घरच्या झाडावरच्या मोहोळाचा आहे म्हणूनही भागत नाही. बीजे भेसळीतून येत नाहीत, मातीतून येतात.

तेव्हा बाळाला सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचे दूध. पहिल्या वाढदिवसापर्यंत कोणत्याही निमित्ताने मध नको, गुटीतून नको आणि बारशाच्या दिवशीही नको. चाल मोडवत नसेल तर वळे नुसते कपाळाला लावा, देवाला काही त्याचा राग येणार नाही.

आणखी एक. आपल्या शिवारात दरवर्षी बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून तोडणीच्या टोळ्या येतात. कोपीत, चुलीच्या धुरात, उघड्यावर तान्ही लेकरे असतात. त्यांना खोकला होतोच. आईला पहाटे तीनला उठून फडात जायचे असते, दवाखाना लांब असतो, मग कोणीतरी मधाचा किंवा गुळाच्या पाण्याचा सल्ला देते. ज्यांच्या रानात टोळी उतरली आहे त्या सभासदांनी मुकादमाच्या कानावर एवढे घालावे की वर्षाच्या आतल्या लेकराला मध देऊ नका, आणि लेकरू धापा टाकू लागले, छातीच्या फासळ्या आत ओढू लागले, तर गाडी काढून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. आपल्या गावातली आशाताई टोळीवर गेलेली नसेल तर तिलाही एक निरोप धाडावा.

मध म्हणजे काय, हे कारखान्याच्या सभासदाला चटकन कळेल

आता मोठ्यांकडे वळू. मधात साधारण ऐंशी टक्के साखरा, सतरा-अठरा टक्के पाणी आणि उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत आम्ले, खनिजे, परागकण, सुगंधी द्रव्ये असा ऐवज असतो. साखरा म्हणजे मुख्यतः फळशर्करा (फ्रुक्टोज) आणि द्राक्षशर्करा (ग्लुकोज). आपल्या पोत्यातली पांढरी साखर म्हणजे सुक्रोज, आणि ती याच दोघींची बांधलेली जोडी आहे.

आपल्याला हे ऐकून माहीत आहे. ऊस तोडून दोन-तीन दिवस फडातच पडला, की वजन घटते आणि उतारा पडतो. चीफ केमिस्ट सांगतात, "साखर फुटली." म्हणजे सुक्रोजची जोडी फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे झाले, आणि त्यांचे दाणे पॅनमध्ये पडत नाहीत. कारखान्याला जे नुकसान वाटते, तेच काम मधमाशी मुद्दाम करते. फुलातला पातळ रस पोटात घेऊन ती त्यात आपल्याकडचे पाचक द्रव्य मिसळते, सुक्रोज फोडते, पोळ्यात ओतते, आणि मग पंखांनी वारा घालून पाणी उडवते. पंखांच्या वाऱ्यावर चालणारे इव्हॅपोरेटरच म्हणा! पाणी ठराविक प्रमाणाखाली उतरले, की मेणाची टोपी बसवून माल गोदामात बंद. अशा टोपी बसलेल्या कांद्याचा मध तो पिकला मध. टोपी न बसलेला मध पातळ असतो, लवकर आंबतो, त्याला फेस येतो.

घशाला मधाचा उपयोग होतो तो याच घडणीमुळे. घट्ट आणि चिकट असल्याने तो सुजलेल्या घशावर पातळ लेप धरतो, खवखव आणि कोरडेपणा कमी होतो. गोडीमुळे तोंडाला लाळ सुटते, तीही घसा ओला ठेवते. मध आम्ल आहे आणि त्यात मोकळे पाणी कमी, म्हणून जंतू त्यात तग धरत नाहीत. शिवाय मधमाशीच्याच एका पाचक द्रव्यामुळे, मध जरासा पातळ झाला की त्यात थोडे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. जखमा धुवायला दवाखान्यात वापरतात तेच हे, फक्त मात्रा अगदी सौम्य. जुन्या काळी जखमेवर मध भरत, त्यामागे हेच आहे.

पण यावरून मध चाटला की घशातला सगळा रोग मरतो, असे कोणी समजू नये. घशाच्या दुखण्यांपैकी बहुतेक विषाणूंमुळे होतात. मध त्यांना मारत नाही, औषधाच्या दुकानातली ॲन्टिबायोटिक गोळीही मारत नाही. असे दुखणे आठवडाभरात आपले आपणच जाते. तोवर रोग्याला झोप लागावी, घास गिळता यावा, ठसका कमी व्हावा, एवढे काम मध चोख करतो. एवढे काम थोडे नव्हे.

याची तपासणीही झालेली आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात २००७ साली २ ते १८ वयाच्या १०५ मुलांवर प्रयोग झाला. सर्दीने रात्री खोकणाऱ्या मुलांना झोपण्याआधी काहींना मध, काहींना मधाच्या चवीचे खोकल्याचे औषध आणि काहींना काहीच नाही, असे गट केले. मधाच्या गटाला सर्वांत जास्त आराम पडल्याचे आईबापांनी सांगितले. इस्राएलमध्ये २०१२ साली १ ते ५ वर्षांच्या ३०० मुलांना तीन तऱ्हांचे मध, आणि तुलनेला दिसायला तसाच खजुराचा पाक दिला. आराम दोन्हींनी पडला, मधाने अधिक पडला. म्हणजे नुसत्या गोडाचा गुण आहेच, पण मधात त्याहून काही अधिक आहे. ब्रिटनच्या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २०१८ साली साध्या खोकल्याला प्रथम मधासारखे घरगुती उपाय करावे, ऊठसूट ॲन्टिबायोटिक देऊ नये, असे सांगितले. २०२० साली ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी असे १४ अभ्यास एकत्र तपासून नेहमीच्या उपचारांपेक्षा मधाचा गुण बरा, असा निर्वाळा दिला. यांतले बहुतेक प्रयोग खोकल्यावरचे आहेत, निव्वळ घसादुखीवरचे थोडे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

घ्यायचा कसा

सर्वांत साधी रीत सर्वांत चांगली. मोठ्या माणसाने चहाचा एक चमचा मध जिभेवर घ्यावा आणि सावकाश विरघळू देत गिळावा. घटाघटा पाण्यातून पिऊन टाकला तर घशावर तो टिकतच नाही. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे पाणी, चहा काही घेऊ नये. असे दिवसातून तीन-चार वेळा, त्यांतली एक वेळ झोपण्याआधी अर्धा तास. एक ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा चमचा पुरे. रात्री मुलांना मध दिल्यावर थोड्या वेळाने चूळ भरायला लावावी, दात किडतात.

मधातून देण्याच्या वस्तू घराघरात वेगळ्या. आल्याचा रस अर्धा चमचा आणि मध एक चमचा, हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. आल्याने घशाला ऊब येते, मात्र ज्यांना जळजळ, आंबट ढेकर यांचा त्रास आहे त्यांनी आले जपून घ्यावे. तुळशीची पाने चेचून काढलेला रस मधात देतात. लवंग तव्यावर किंचित फुगेपर्यंत भाजून, पूड करून, चिमूटभर मधात चाटली की रात्रीचा कोरडा ठसका थांबतो. हळद-मध, मिरपूड-मध हीही त्यातलीच भावंडे.

अडुळशाबद्दल मात्र चार शब्द जास्त लिहितो, कारण हे झुडूप आपल्या बांधावर फुकट येते आणि शेळी त्याला तोंड लावत नाही, म्हणून टिकतेही. पाच-सहा पाने धुऊन तव्यावर मऊ होईतो शेकावी किंवा वाफवावी, मग फडक्यात पिळावी. कच्ची पाने पिळून रस निघत नाही, नुसता हात हिरवा होतो. निघालेला रस एक चमचा, मध एक चमचा, दिवसातून दोनदा. कफ सुटायला याच्यासारखे दुसरे स्वस्त औषध नाही. चव कडूजहर, म्हणूनच मध. गरोदर बायकांनी मात्र अडुळसा घेऊ नये.

वैद्यांचे सितोपलादी चूर्ण मधातूनच देतात. त्यात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २ आणि दालचिनी १ भाग, असे अर्ध्या-अर्ध्याने उतरत जाणारे प्रमाण आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक माल खडीसाखरेचाच, हे साखर कारखान्याच्या पत्रकात नमूद केल्यावाचून राहवत नाही. मधाची थोरवी गाताना साखरेला शिव्या घालण्याचे कारण नाही.

ज्येष्ठमधाच्या नावात मध असला तरी त्याचा मधमाशीशी संबंध नाही, ते एका झाडाचे गोड मूळ आहे. घशाला चांगले. पण रोज रोज, भरपूर चघळले तर रक्तदाब वाढतो, म्हणून 'बी.पी.'च्या माणसांनी त्याची सवय लावून घेऊ नये.

मध गरम करू नये, असे आयुर्वेद निक्षून सांगतो. आजची रसायनशाळाही त्याला वेगळ्या वाटेने दुजोरा देते : तापवल्याने मधातली पाचक द्रव्ये मोडतात, सुगंध उडतो आणि एच.एम.एफ. नावाचे द्रव्य वाढते. बाजारातल्या मधाला त्याची कमाल मर्यादा सरकारने ठरवून दिली आहे. म्हणून काढा आधी उकळून, ओठाला सोसेल इतका निवू द्यावा आणि मगच त्यात मध घालावा. कोमट पाण्याला हरकत नाही. तूप आणि मध समान वजनात एकत्र घेऊ नयेत, हाही वैद्यकातला नियम आहे. तो पाळायला काही पडत नाही.

मधाच्या जोडीला मिठाच्या गुळण्या हव्यात. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, आवडत असल्यास चिमूट हळद, दिवसातून तीनदा. आधी गुळण्या, मग मध. उलट केले तर चाटलेला मध मोरीत जातो.

मधुमेही सभासदांसाठी वेगळे सांगतो, कारण "डॉक्टरांनी साखर बंद केली म्हणून मध खातो" असे म्हणणारे गावोगाव भेटतात. मध हीसुद्धा साखरच आहे. चहाच्या एका चमच्यात साडेपाच-सहा ग्रॅम साखरा पोटात जातात आणि रक्तातली साखर त्यांनीही वाढते. घशासाठी दोन दिवस एखादा चमचा घ्यायचा तर तो हिशेबात धरूनच घ्यावा, नाहीतर गुळण्यांवर भागवावे.

कोणत्या घशाला मध पुरणार नाही

सर्दी, शिंका, नाक गळणे, खोकला, आवाज बसणे यांच्या जोडीने घसा दुखत असेल तर तो बहुधा विषाणूचा. तिथे मध चालेल. पण ५ ते १५ वर्षांच्या मुलाला एकाएकी सडकून ताप आला, गिळताना फार दुखते, खोकला मात्र नाही, गळ्याला बाहेरून गाठी लागतात आणि तोंड उघडून पाहिले तर घशातल्या गाठी लाल होऊन त्यांवर पांढरे ठिपके दिसतात, तर ते दुखणे 'स्ट्रेप्टोकॉकस' जंतूचे असू शकते. ते मधावर काढू नये. घसा चार-आठ दिवसांत वरवर बरा होतो, पण दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांचे गुडघे, घोटे सुजतात, एक सांधा उतरला की दुसरा सुजतो, आणि त्याच आजारात हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. संधिवाताचा ताप तो हाच. ऐन पंचविशीत जिना चढताना धाप लागणारी, बाळंतपण झेपत नाही असे डॉक्टर सांगतात अशी मुलगी पाहिली, तर तिच्या लहानपणीच्या एखाद्या 'साध्या' घसादुखीत त्याचे मूळ असण्याची शक्यता असते. दुखणे लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू झाले तर हे बहुतेक टळते. ते डॉक्टरांनी तपासून द्यायचे असते, आणि दहा दिवसांचा कोर्स सांगितला तर दहा दिवस पुरा करायचा. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवायच्या नाहीत.

घशात राखाडी पापुद्रा दिसला, मान सुजली, तर घटसर्पाची शंका घेऊन त्याच तासाला निघावे. लसीमुळे तो कमी झाला आहे, नाहीसा झालेला नाही. तोंडातून लाळ गळते पण गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, श्वास घेताना आवाज येतो, हीही थांबण्याची लक्षणे नव्हेत.

तंबाखू, मिश्री, विडीवाल्यांचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसून राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून आत आरसा घालून पाहून घ्यावे. सोलापुरात विडीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत, त्यांच्या नाकातोंडात तंबाखूची धूळ रोजच जाते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्यावा, क्षयाची ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

आणि एक आपल्या कारखान्यापुरते. जुन्या, बुरशी धरलेल्या बगॅसच्या ढिगावर काम करून आल्यावर काही तासांनी थंडी-ताप, कोरडा खोकला आणि धाप सुरू होत असेल, तर ते घशाचे दुखणे नसून फुप्फुसाचे आहे. त्याला 'बगॅसोसिस' असे नावच आहे. बुरशीसारख्या वाढीची धूळ छातीत जाऊन हा होतो. मध चाटून, पुन्हा दुसऱ्या दिवशी त्याच ढिगावर जाण्याने फुप्फुस कायमचे आखडते. तोंडाला फडके बांधणे पुरेसे नाही, चांगला मास्क लागतो, ढीग ओला करून हलवावा लागतो, आणि त्रास सुरू झालेल्या माणसाला तिथून हलवावे लागते. औषध फवारून आल्यावर घसा जळत असेल, भरपूर घाम, लाळ सुटली असेल, डोळ्यांपुढे अंधुक दिसत असेल तर त्यालाही मध नाही. कपडे काढून, अंग धुऊन, औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठावा.

मध आणायचा कुठून

इथे मात्र मोठी पंचाईत आहे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स ॲण्ड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने बाजारातल्या १३ ब्रँडांचे २२ नमुने तपासून घेतले, त्यांतले १७ भेसळीचे निघाल्याचे जाहीर केले. मोठ्या कंपन्यांनी ते नाकारले. खरेखोटे काही असो, त्यात उसाच्या शेतकऱ्याला गंमत वाटावी अशी एक गोष्ट आहे. ऊस, मका, ज्वारी या पिकांची हवेतला कार्बन धरण्याची तऱ्हा वेगळी, तिला 'सी-फोर' म्हणतात. त्यामुळे उसाच्या साखरेत जड कार्बनचे प्रमाण फुलांच्या रसापेक्षा किंचित जास्त असते. मधात उसाचा पाक घातला की यंत्र लगेच ओळखते. मग भेसळ करणारे भाताच्या पाकाकडे वळले, कारण भात 'सी-थ्री', म्हणजे बहुतेक फुलझाडांच्याच जातीचा. त्याला पकडायला वेगळ्या चाचण्या काढाव्या लागल्या, आणि शेवटी एन.एम.आर. नावाचे फार महागडे यंत्र. तेव्हा पेल्यात थेंब टाकून पाहणे, वात भिजवून पेटवणे, कुत्रे खात नाही, मुंगी लागत नाही, या सगळ्या घरगुती परीक्षांवर विसंबू नका. चांगला पाक या परीक्षांत पहिल्या नंबरने पास होतो.

त्यापेक्षा माल कोणाचा, हे पाहावे. महाबळेश्वरकडे मध उत्पादकांची सहकारी सोसायटी आहे, जांभूळ, हिरडा यांचे मध तिकडचे. कारवीचा मध काही वर्षांतून एकदा, कारवी फुलते तेव्हाच. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे गाव मे २०२२ मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तिथल्या घराघरांत सातेरी माश्यांच्या पेट्या आहेत. पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, ती पेटीपालनाचे शिक्षण देते. आपल्या जिल्ह्यातही सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागात डाळिंब, करडई, सूर्यफूल, तूर आहे. पेटी ठेवली तर फळधारणा वाढते आणि घरचा मध मिळतो. उसाचा मात्र मधाला उपयोग नाही. तुरा येण्याआधी आपण तो तोडतो, आणि तुरा आला तरी त्यात माशीला रस नसतो. हंगामात यार्डात आणि गुऱ्हाळावर माश्या घोंघावतात, त्या आयता गोडवा नेतात. तो मध नव्हे, पेटीवाल्यांनी पेट्या तिथून दूर ठेवाव्यात. ज्यांच्या शेजारी पेट्या आहेत त्यांनी फवारणी संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर करावी.

आग्यामोहोळ जाळून, पोळे पिळून विकायला आणलेल्या मधात अंडी, अळ्या, मेण यांचाही रस उतरतो आणि तो लवकर आंबतो. घ्यायचाच तर गाळून, लवकर संपवावा. बाटलीतल्या मधाच्या वेष्टणावर एफ.एस.एस.ए.आय.चा परवाना क्रमांक आणि भरल्याची तारीख पाहावी.

घरी आणलेला मध काचेच्या कोरड्या बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवावा, फ्रीजमध्ये ठेवू नये. ओला चमचा घालू नये. थंडीत तो रवाळ झाला, तळाशी साखर बसल्यासारखी दिसली, तर "साखर घातली" म्हणून विक्रेत्याशी भांडायला जाऊ नका. तो मधातल्या ग्लुकोजचा दाणा असतो, चांगल्या मधातही पडतो. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी करून ठेवली की घटकाभरात पूर्ववत पातळ होतो.